पिंप कोरडं, अंडी जिवंत

'पिंप दर रविवारी रिकामं करतो, तरी अळ्या होतातच. येतात कुठून?' असं एका वाचक भगिनींनी विचारलंय. बहुधा त्याच पिंपातून!

डेंग्यू पसरवणारी एडिस इजिप्ती डासाची मादी पाण्यावर अंडी घालत नाही. पाण्याच्या किंचित वर, पिंपाच्या ओलसर कडेला ती एकेक अंडं चिकटवते. काही तासांत अंडी काळी पडतात. लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर, त्यामुळे बघणाऱ्याला तो मळच वाटतो. पिंप पालथं केलं की पाणी जातं, अंडी राहतात. पेरणीसाठी राखून ठेवलेल्या बियाण्यासारखी कोरड्यात कित्येक महिने तग धरतात. पुन्हा पाणी तिथवर चढलं, की अळ्या बाहेर. म्हणून पिंप नुसतं ओतून भागत नाही, काठापर्यंत काथ्याने खसाखसा घासावं लागतं.

हे काम एका अख्ख्या देशाने करून दाखवलं होतं. रॉकफेलर फाउंडेशनच्या फ्रेड सोपर यांनी १९३०च्या दशकात ब्राझीलमध्ये पिवळ्या तापाविरुद्ध मोहीम चालवली, डास हाच. कुठला निरीक्षक किती वाजता कुठल्या गल्लीत असेल, हे आधीच ठरलेलं. रिओत दारूगोळ्याच्या कोठारात स्फोट झाला, तेव्हा एक निरीक्षक तिथे असायला हवा होता. सोपरनी त्याच्या घरी सांत्वनाचा निरोप पाठवला. दुसऱ्या दिवशी गडी कामावर धडधाकट हजर! त्याला तिथल्या तिथे काढून टाकलं, असा किस्सा सांगतात. असा साहेब आज कुणाला नको असेल. पण पुढे डीडीटीची जोड मिळाली आणि १९५८ मध्ये ब्राझील एडिस इजिप्तीमुक्त जाहीर झाला. मग पहारा सैलावला. १९६७ मध्ये बेलेम शहरात हा डास पुन्हा सापडला. २०२४ मध्ये ब्राझीलमधले डेंग्यूचे संशयित रुग्ण साठ लाखांवर गेले.

आपल्याकडे रुग्ण वाढले की धूरफवारणीची मागणी होते. फोटो झकास येतो, पण धुराने मरतात ते उडते डास, अंडी-अळ्या शाबूत. शिवाय हा डास सहसा शे-दोनशे मीटरपलीकडे जात नाही. तेव्हा धुराच्या गाडीसाठी नगरसेवकाला फोन करण्याआधी फ्रीजमागचा ट्रे, कुंडीखालची बशी आणि गच्चीवरच्या टाकीचं झाकण बघून या.