फोनचं कव्हर, नॅफ्था आणि चिमूटभर प्लॅटिनम

तुमच्या फोनचं कडक, पारदर्शक कव्हर बहुधा पॉलीकार्बोनेटचं असेल. ते बनतं बिस्फेनॉल-एपासून, ते फिनॉलपासून आणि फिनॉल बेन्झीनपासून. मग बेन्झीन कुठून येतं? त्याचा एक मोठा स्रोत म्हणजे पेट्रोलच्या रिफायनरीतला कॅटॅलिटिक रिफॉर्मर.

बेन्झीन, टोल्युइन आणि झायलीन या तिघांमध्ये सहा कार्बनची खास कडी असते. यांनाच अ‍ॅरोमॅटिक म्हणतात. क्रूडमधून निघणाऱ्या नॅफ्थात अशा कड्या कमी असतात, म्हणून त्या बनवाव्या लागतात. आधी नॅफ्थातलं सल्फर काढतात, कारण ते प्लॅटिनमसाठी विष आहे. मग नॅफ्था हायड्रोजनसोबत सुमारे ५०० अंश सेल्सिअसला तापवून कॅटॅलिस्टच्या दाण्यांवरून सोडतात. सायक्लोहेक्झेनच्या एका रेणूतून हायड्रोजनचे तीन रेणू सुटतात आणि बेन्झीन उरतं. ही प्रक्रिया उष्णता खाते, त्यामुळे तीन-चार रिअ‍ॅक्टर ओळीने लावून मध्ये पुन्हा पुन्हा भट्टी ठेवावी लागते.

दाणे अ‍ॅल्युमिनाचे असतात आणि त्यांवर प्लॅटिनम वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. एवढ्या महाग धातूवर रिफायनरी चालवायची कल्पना व्लादिमीर हेन्सेल यांची. पहिलं युनिट १९४९ मध्ये अमेरिकेत, मिशिगनमधल्या मस्कीगनला सुरू झालं.

आता गंमत बघा. हायड्रोजन तर आपोआप तयार होतोय, मग बाहेरून का घालायचा? कारण तो नसेल तर दाण्यांवर कोक, म्हणजे कार्बनची काजळी साचते. पण दाब वाढवला की अ‍ॅरोमॅटिक कमी बनतात, आणि कमी केला की काजळी वाढते. यावर १९७० च्या दशकात मस्त तोडगा निघाला: दाणे रिअ‍ॅक्टरमधून हळूहळू खाली सरकत राहतात, बाहेर त्यांची काजळी जाळतात आणि ते परत वर चढवतात. प्लांट चालूच! सर्व्हर बंद न करता अपडेट मारण्यासारखंच हे, फक्त ५०० अंशांवर.

या कड्यांमुळे पेट्रोलचा ऑक्टेन वाढतो, म्हणून त्या पेट्रोलमध्येही हव्या असतात. पण बेन्झीनने कॅन्सर होतो. पंपावर "वास काय भारी येतो" म्हणत टाकीजवळ तोंड नेणारे माझे दोन मित्र आहेत, त्यांच्यासाठी सांगतो: बीएस-६ पेट्रोलमध्ये बेन्झीन जास्तीत जास्त १ टक्का चालतं. म्हणून रिफायनऱ्या ते वेगळं काढतात, किंवा ज्यांपासून ते बनतं ते रेणू रिफॉर्मरमध्ये जाऊच देत नाहीत. वेगळं काढलेलं बेन्झीन मग फिनॉलच्या, म्हणजे कव्हरच्या वाटेला लागू शकतं.