हळदीच्या कंदापासून जखमेच्या पट्टीपर्यंत : चंदीगडचे कर्क्युमिन संशोधन आणि हळद उत्पादक

महाराष्ट्रात हिंगोली, नांदेड, परभणी, वाशीम, सांगली व सातारा या जिल्ह्यांत हळदीचे पीक मोठ्या प्रमाणावर घेतले जाते. सांगली, वायगाव आणि वसमत येथील हळदीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. बाजारात हळकुंडाचा भाव प्रामुख्याने आकार, रंग व चकाकी पाहून ठरतो. औषधनिर्माण उद्योग मात्र हळदीकडे निराळ्या दृष्टीने पाहतो. त्याला हवे असते ते हळदीतील कर्क्युमिन हे पिवळे द्रव्य. या द्रव्याचा उपयोग औषध म्हणून व्हावा यासाठी चंदीगड येथे झालेले संशोधन विस्तार कार्यकर्ते व हळद उत्पादक यांनी समजून घेण्याजोगे आहे.

कर्क्युमिनची मूळ अडचण

कर्क्युमिन हळदीपासून प्रथम १८१५ मध्ये वेगळे करण्यात आले व त्याची रासायनिक रचना १९१० मध्ये निश्चित झाली. जात, जमीन आणि प्रक्रिया यांनुसार वाळलेल्या हळदीत कर्क्युमिन वर्गातील द्रव्यांचे प्रमाण साधारणपणे २ ते ६ टक्के आढळते. प्रयोगशाळेतील अभ्यासांत या द्रव्याचे दाहशामक व प्रतिऑक्सिडीकारक गुण वारंवार दिसून आले आहेत.

तरीही औषध म्हणून ते सहजासहजी उपयोगी पडत नाही. त्याची कारणे तीन. पहिले, कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. दुसरे, अल्कधर्मी माध्यमात व प्रकाशात त्याचे विघटन होते. तिसरे, जे थोडे कर्क्युमिन आतड्यातून शोषले जाते त्याचे आतड्याच्या भिंतीत व यकृतात लगेच रूपांतर होऊन ते शरीराबाहेर टाकले जाते. परिणामी मोठी मात्रा पोटात घेऊनही रक्तात त्याचा अंश नाममात्रच सापडतो. पोटात घेतलेल्या औषधापैकी जेवढा भाग मूळ रूपात रक्तापर्यंत पोहोचतो, त्यास जैवउपलब्धता म्हणतात. कर्क्युमिनची खरी उणीव हीच आहे.

काळ्या मिरीतील पिपरिन हे द्रव्य कर्क्युमिनचे हे रूपांतर मंदावते. १९९८ मध्ये बंगळूर येथील संशोधकांनी पिपरिनसोबत दिल्यास माणसातील कर्क्युमिनची जैवउपलब्धता सुमारे २० पट वाढते, असे दाखवून दिले. परंतु पिपरिनमुळे इतर औषधांच्या विघटनावरही परिणाम होऊ शकतो. म्हणून निराळ्या मार्गाचा शोध आवश्यक ठरला.

चंदीगडचा मार्ग : स्निग्ध पदार्थाची सूक्ष्म कुपी

चंदीगड येथील पंजाब विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र संस्थेत प्रा. इंदु पाल कौर, वंदिता कक्कर व सहकाऱ्यांनी कर्क्युमिन घन स्निग्ध पदार्थाच्या अतिसूक्ष्म कणांत भरण्याचे तंत्र विकसित केले व २०११ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. या तंत्रामागील तत्त्व सोपे आहे. सामान्य तापमानाला घन राहणारा, शरीराला चालणारा स्निग्ध पदार्थ वितळवून त्यात कर्क्युमिन मिसळतात. तेल व पाणी एकजीव ठेवणारे घटक घालून त्याचे गरम सूक्ष्म मिश्रण तयार करतात व ते थंड पाण्यात सोडतात. थंडाव्याने स्निग्ध थेंब गोठतात आणि कर्क्युमिन त्यांच्या आत अडकून राहते. अशा कणांच्या निर्मितीत सोयाबीनपासून मिळणारे लेसिथिन हा घटक अनेकदा वापरला जातो. हळद आणि सोयाबीन ही मराठवाड्यातील दोन्ही पिके येथे एकाच औषधी कणात एकत्र येऊ शकतात, हे लक्षणीय होय.

चंदीगडच्या संशोधकांनी तयार केलेल्या कणांचा सरासरी आकार सुमारे १३५ नॅनोमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या अंदाजे पाचशेव्या भागाएवढा होता. स्निग्ध आवरणामुळे आतील कर्क्युमिनचे विघटनापासून रक्षण होते. असे कण आहारातील स्निग्धांशाप्रमाणे आतड्यातील लसिकावाहिन्यांद्वारेही शोषले जाऊ शकतात, त्यामुळे यकृतात होणारे पहिले रूपांतर काही अंशी टळते. उंदीरवर्गीय प्राण्यांवरील प्रयोगांत, द्रावणरूप कर्क्युमिनच्या तुलनेत या कणांमुळे जैवउपलब्धता मात्रेनुसार ३० पटींहून अधिक वाढल्याचे आढळले.

जखम आणि ऊती दुरुस्ती

औषध पोटातून देण्याऐवजी थेट जखमेवर ठेवणे हा दुसरा मार्ग होय. जखम भरून येण्याचे टप्पे ठरलेले असतात. प्रथम रक्त गोठते, नंतर दाह होतो, त्यानंतर नव्या पेशी व कोलॅजन तयार होऊन पोकळी भरते आणि अखेरीस नवी ऊती बळकट होते. दाह गरजेपेक्षा अधिक काळ टिकल्यास पुढील टप्पे खोळंबतात. मधुमेही रुग्णांच्या जखमा रेंगाळतात, त्याचे हे एक कारण आहे.

येथे जैवसामग्रीचे काम सुरू होते. शरीराच्या ऊतींशी जुळवून घेणाऱ्या व उपचारासाठी वापरल्या जाणाऱ्या पदार्थांना जैवसामग्री म्हणतात. जनावरांच्या कातडीतील व माशांच्या खवल्यांतील कोलॅजन, कोळंबीच्या कवचापासून मिळणारे कायटोसान, समुद्रशैवालातील अल्जिनेट, कापसातील सेल्युलोज व रेशमातील फायब्रॉइन ही त्याची उदाहरणे होत. यांपासून बनवलेला पातळ पापुद्रा जखमेवर ओलावा टिकवतो, नव्या पेशींना आधार देतो आणि आत भरलेले औषध हळूहळू सोडतो. चेन्नई येथील केंद्रीय चर्म संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी कर्क्युमिनयुक्त कोलॅजन पापुद्र्याचा प्राण्यांच्या जखमांवरील परिणाम २००४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात जखमा भरून येण्यास मदत झाल्याचे दिसले. या यादीतील बहुतेक कच्चा माल शेती, पशुपालन व मत्स्यव्यवसाय यांतूनच येतो.

हळदीच्या या गुणाला कायद्याचाही इतिहास आहे. जखमेवर हळद वापरण्याबाबतचे पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये देण्यात आले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले. हा उपयोग भारतात पूर्वापार ज्ञात असल्याचे लेखी पुरावे सादर झाल्यावर १९९७ मध्ये ते पेटंट रद्द ठरले.

मर्यादा ओळखणे आवश्यक

प्रयोगशाळेतील यश म्हणजे रुग्णावरील सिद्ध उपचार नव्हे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत आढाव्यात, मानवी चाचण्यांतून कर्क्युमिनची उपयुक्तता निर्विवादपणे सिद्ध झालेली नाही, असे औषध-रसायनतज्ज्ञांनी नमूद केले. शिवाय शोषण वाढले की जोखीमही बदलते. हळदीच्या पूरक गोळ्या घेणाऱ्यांत यकृतदाहाच्या घटना आढळल्यानंतर इटलीच्या आरोग्य मंत्रालयाने २०१९ मध्ये अशा उत्पादनांवर इशारा छापणे बंधनकारक केले. स्वयंपाकातील हळद आणि शोषणक्षमता वाढवलेले कर्क्युमिन या भिन्न गोष्टी आहेत. त्यामुळे ‘नॅनो हळद’ अशा नावाने येणाऱ्या उत्पादनांचे दावे डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय स्वीकारू नयेत. माणसाच्या वा जनावराच्या खोल, चिघळलेल्या जखमेत हळद भरून उपचार लांबवणेही धोक्याचे आहे.

उत्पादकांनी काय करावे

औषधी उपयोगासाठी माल घेणारा खरेदीदार कर्क्युमिनचे प्रमाण व शुद्धता यांचे प्रयोगशाळा अहवाल मागतो. १०० किलो हळदीत ३ टक्के कर्क्युमिन असल्यास त्यात ३ किलो द्रव्य असते, ५ टक्के असल्यास ५ किलो. दिसायला सारख्या दोन ढिगांतील हा फरक रंगावरून कळत नाही. त्यासाठी पुढील बाबींकडे लक्ष द्यावे.

• लागवडीसाठी शिफारस केलेल्या व कर्क्युमिन अधिक असणाऱ्या जातींचे शुद्ध बेणे निवडावे. जाती एकमेकींत मिसळू देऊ नयेत.
• पीक पूर्ण पक्व झाल्यावरच काढणी करावी.
• जेठे गड्डे व हळकुंडे वेगवेगळी शिजवावीत. हळद कमी शिजल्यास हळकुंड ठिसूळ होते, जास्त शिजल्यास रंग बिघडतो.
• वाळवण स्वच्छ ताडपत्रीवर वा फरशीवर करावे व रात्री झाकून ठेवावे. यंत्राने वाळवताना तापमान ६० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नये.
• अन्नसुरक्षा मानकांनुसार अखंड हळदीत ओलावा १२ टक्क्यांपेक्षा व भुकटीत १० टक्क्यांपेक्षा अधिक नसावा. ओलसर मालात बुरशी वाढते.
• चकाकीसाठी कोणताही कृत्रिम रंग लावू नये. लेड क्रोमेट हे शिशाचे विषारी संयुग असून त्याचा वापर बेकायदेशीर आहे. ज्या पदार्थापासून औषध बनवायचे, त्यातच शिसे मिसळले गेल्यास सर्व खटाटोप व्यर्थ ठरतो.
• शेतकरी उत्पादक कंपन्यांनी प्रत्येक ढिगाला क्रमांक देऊन मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून कर्क्युमिन, शिसे व कीडनाशक अंश यांची तपासणी करून घ्यावी आणि अहवाल विक्रीच्या वेळी सोबत ठेवावा.

चंदीगडसारख्या ठिकाणी होणाऱ्या संशोधनातून उद्या औषध तयार होईल किंवा होणार नाही, हे मानवी चाचण्या ठरवतील. मात्र कर्क्युमिनचे प्रमाण ठाऊक असलेला, तपासलेला व भेसळमुक्त माल मसाल्याच्या बाजारातही विश्वास मिळवतो. म्हणून या हंगामात काढणीनंतर निदान एका ढिगाची तपासणी करून पाहणे, ही उत्पादकाच्या हाती असलेली पहिली पायरी होय.