वाघाच्या जागी पक्षी

आज आपण एक खेळ खेळणार आहोत. मनातल्या मनात एक बेट वसवायचं आणि त्यावर एक पक्षी घडवायचा. माणसापेक्षा उंच, उडता न येणारा आणि शिकार करून जगणारा. गोष्टींत आणि सिनेमात असे प्राणी जादूने येतात. आपण जादू वापरायची नाही. निसर्गाच्या नियमांनी असा पक्षी घडू शकतो का, एवढंच पाहायचं.

आधी बेट. चहूबाजूंनी समुद्र आणि मध्ये माळरान. सरडे, साप, किडे भरपूर. वाघ, कोल्हा, कुत्रा, मुंगूस यांतलं काहीच नाही. वादळात सापडलेला करकोच्यासारख्या पक्ष्यांचा एक थवा तिथे येऊन पडला. लांब पाय, मजबूत चोच, जमिनीवर फिरून भक्ष्य टिपायची सवय.

पहिला प्रश्न असा, की हे पक्षी उडणं का सोडतील? कोंबडी कापताना छातीच्या मधोमध एक उभं हाड लागतं, त्याच्या दोन्ही बाजूंना मांस असतं. ते मांस म्हणजे पंख हलवणारे स्नायू. उडणाऱ्या पक्ष्याला हे स्नायू पोसायला पुष्कळ अन्न लागतं. शत्रू असेल तिथे हा खर्च परवडतो, कारण उडालं तर जीव वाचतो. आपल्या बेटावर पळायचं कुणापासून? न्यूझीलंडमध्ये असंच घडलं. वटवाघळं सोडली तर तिथे जमिनीवर वावरणारे सस्तन प्राणी नव्हते. तिथल्या मोआ नावाच्या प्रचंड पक्ष्यांच्या अंगात पंखांचं एक हाडही उरलं नव्हतं. मोआ मात्र झाडपाला खाणारे होते.

दुसरा प्रश्न, हा बदल होतो कसा? पक्ष्याने मनात आणलं म्हणून नाही. आपण बियाण्यासाठी भरदार कणसं बाजूला काढतो. दरवर्षी काढत गेलो की पीक हळूहळू तसं होत जातं. निसर्गात निवडणारा हात नसतो. पण एकाच घरट्यातली पिल्लं सारखी नसतात. ज्यांचे पाय जरा बळकट, ती जास्त जगतात आणि त्यांची पिल्लं त्यांच्यावर जातात. हजारो पिढ्या असं चाललं की पक्षी ओळखू येत नाही. यालाच उत्क्रांती म्हणतात.

तिसरा प्रश्न आकाराचा. उडणाऱ्या शरीराला वजनाची मर्यादा असते. उडणं सुटलं की ती मर्यादाही सुटते. पण मोठ्या पोटाला मोठं भक्ष्य लागतं. म्हणून आपलं बेट चांगलं मोठं हवं, त्यावर चरणारे प्राणी हवेत आणि त्यांना मारून खाणाऱ्याची जागा बरीचशी रिकामी हवी.

चौथा प्रश्न, शिकार कशाने करायची? मुलं अशा पक्ष्याचं चित्र काढतात तेव्हा चोचीत दात काढतात. पण आजच्या कुठल्याही पक्ष्याला खरे दात नाहीत. निसर्ग जुन्या लुगड्याची गोधडी शिवावी तसं काम करतो. आहे त्यातूनच नवं बनवतो. तेव्हा चोचच मोठी, जड आणि टोकाला आकड्यासारखी वाकडी होईल.

मैत्रिणींनो, हा पक्षी आता मनातला राहिलेला नाही. तो खरोखर होऊन गेला.

आज दक्षिण अमेरिका पनामाच्या चिंचोळ्या जमिनीने उत्तर अमेरिकेला जोडलेली आहे. पण कोट्यवधी वर्षं ती समुद्राने वेढलेलं एक प्रचंड बेट होती. तिथे वाघ-सिंहांचं किंवा लांडग्यांचं कूळ नव्हतं. पिशवीवाल्या प्राण्यांच्या नात्यातले काही मांसाहारी होते, आणि त्यांच्या जोडीला होते हे पक्षी. इंग्रजीत त्यांना टेरर बर्ड म्हणतात, आपण भयपक्षी म्हणू. अर्जेंटिनाचे संशोधक फ्लोरेंतिनो अमेगिनो यांना त्यांच्या जबड्याचा तुकडा मिळाला, तेव्हा १८८७ साली त्यांनी तो बिनदाताच्या सस्तन प्राण्याचा मानला. एवढा मोठा जबडा पक्ष्याचा असेल असं कुणाला वाटणार? २००७ साली केलेंकेन या भयपक्ष्याची माहिती प्रसिद्ध झाली. त्याची नुसती कवटी ७१ सेंटीमीटर, म्हणजे दीड हाताहून लांब आहे!

दुसऱ्या एका भयपक्ष्याच्या कवटीचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. ती कवटी वरून खाली घाव घालायला भक्कम, पण आडव्या हिसक्याला कमजोर निघाली. म्हणजे हा पक्षी भक्ष्याशी झोंबत बसत नसावा. कुऱ्हाडीसारखा घाव घालायचा आणि मागे सरायचं, अशी त्याची रीत असावी. त्याच्या जवळच्या नात्यातला सेरिएमा हा पक्षी आजही ब्राझील, अर्जेंटिनाच्या माळावर आहे. तो सरडा किंवा साप चोचीत धरून जमिनीवर आपटतो.

मग भयपक्षी गेले कुठे? सुमारे ३० लाख वर्षांपूर्वी पनामाची जमीन जोडली गेली आणि उत्तरेचे शिकारी दक्षिणेत उतरले. त्यांनीच भयपक्ष्यांना संपवलं, असं पूर्वी सांगितलं जाई. पण टायटॅनिस नावाचा भयपक्षी उलट दक्षिणेतून उत्तरेत गेला होता. त्याची हाडं फ्लोरिडा आणि टेक्सासमध्ये मिळाली आहेत. तिथे मांजरकुळातले आणि कुत्र्यांच्या कुळातले शिकारी आधीपासून होते, तरी तो लाखो वर्षं टिकला. त्यामुळे आता हवामान आणि माळरानांतले बदल यांचाही विचार होतो.

मोआंचं मात्र सगळ्यांना पटलेलं आहे. सुमारे ७०० वर्षांपूर्वी न्यूझीलंडमध्ये माणूस पोहोचला. पुढच्या दीड-दोनशे वर्षांत मोआ संपले. त्यांची शिकार झाली, अंडीही खाल्ली गेली. पुढे जहाजांतून आलेले उंदीर आणि मांजरं तिथल्या दुसऱ्या न उडणाऱ्या पक्ष्यांच्या मुळावर उठली. जमिनीवर अंडं घालणारा पक्षी कमकुवत नसतो. तो त्याच्या जागेला अगदी चपखल बसलेला असतो. पण अंग घडायला लाखो वर्षं लागतात, आणि आपण जागा शंभर वर्षांत बदलतो. तेवढ्या वेळात कुणाला पुन्हा पंख फुटत नाहीत.

गटाच्या पुढच्या बैठकीत मुलांनाही बसवा. जमिनीवर खडूने एक बेट काढा आणि त्यांना हवा तो प्राणी घडवू द्या. फक्त तीन प्रश्न विचारा. तो खातो काय? त्याला खातं कोण? आणि उद्या या बेटावर उंदरांनी भरलेलं एक जहाज लागलं तर त्याच्या अंड्यांचं काय होईल? तिसऱ्या प्रश्नाला मुलांना पुरेसा वेळ द्या.