दृष्टी नसली तरी संगीत घरीच घडवता येते
अंध कलावंताने सिंथेसायझर कोणता निवडावा?

एप्रिल महिना जवळ आला की वस्त्यावस्त्यांत जयंतीच्या नव्या गाण्यांची तयारी सुरू होते. कोणी गीत लिहितो, कोणी चाल लावतो, कोणी ढोलकी घट्ट करतो. अशा गायन पार्टीत पेटीवर हात बसलेला एखादा अंध तरुण पुष्कळदा आढळतो. त्याचा कान तयार असतो. पण गाणे रेकॉर्ड करायची वेळ आली की त्याला स्टुडिओत दुसऱ्याच्या बाजूला खुर्चीवर बसून राहावे लागते. कोणता आवाज घ्यायचा, तो किती धारदार ठेवायचा, हे संगणकासमोर बसलेला माणूस ठरवतो. तास वाढतात, पैसे वाढतात आणि त्याच्या मनातला आवाज मनातच राहतो.

आज हे काम असा तरुण घरी, एका साध्या लॅपटॉपवर, स्वतः करू शकतो. मात्र त्यासाठी सॉफ्टवेअर नीट पारखून घेतले पाहिजे. आवाज किती गोड आहे हे नंतर बघावे. आधी बघावे की ते त्याला एकट्याला चालवता येते की नाही.

सॉफ्टवेअर सिंथेसायझर म्हणजे काय?

पेटीत हवा रीडमधून जाते आणि सूर निघतो. सिंथेसायझरमध्ये तोच सूर विजेने किंवा गणिताने तयार होतो. हे यंत्र पूर्वी मोठ्या पेटाऱ्याएवढे असे. आता तेच काम संगणकातला एक प्रोग्रॅम करतो.

त्यातले तीन भाग समजले की बरेचसे समजले. पहिला ऑसिलेटर, म्हणजे सूर निर्माण करणारी रीड. दुसरा फिल्टर. तोंडापुढे हात धरून गायले की आवाज दबतो आणि हात काढला की मोकळा होतो, तसे हा करतो. तिसरा एन्व्हलप, म्हणजे आवाज कसा उठतो आणि कसा मावळतो त्याची आखणी. ढोलकीची थाप एकदम उठते आणि लगेच विरते. बासरीचा सूर फुंकरीसरशी हळूहळू भरतो. तंबोऱ्याची तार छेडल्यावर बराच वेळ गुंजते. हा फरक एन्व्हलपमधून साधतो.

अंधांची गरज आणि सिंथेसायझर

स्टीव्ही वंडर हे अमेरिकेतील थोर गायक-वादक जन्मानंतर लवकरच दृष्टी गमावलेले. रे कुर्झवाइल या संशोधकाने १९७६ साली छापील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे यंत्र बनवले, तेव्हा स्टीव्ही वंडर त्याच्या पहिल्या ग्राहकांपैकी होते. त्यातून दोघांची ओळख वाढली. जुन्या वाद्यांचा खरा नाद आणि संगणकाची ताकद एकाच वाद्यात आली पाहिजे, ही त्यांची अपेक्षा कुर्झवाइल यांनी मनावर घेतली. १९८२ साली वाद्यांची कंपनी सुरू झाली आणि १९८४ साली कुर्झवाइल २५० हे वाद्य बाजारात आले. म्हणजे अंध कलावंताच्या मागणीतून सगळ्या संगीतक्षेत्राचा फायदा झाला.

अडचण कुठे येते?

अंध व्यक्ती संगणक वापरते ती स्क्रीन रीडरच्या मदतीने. हा प्रोग्रॅम पडद्यावरची अक्षरे आवाजात वाचून दाखवतो. विंडोजसाठी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर पूर्णपणे मोफत आहे. मायकल करन या ऑस्ट्रेलियातील अंध तरुणाने २००६ साली त्याची सुरुवात केली. त्याच्या सोबतच्या ई-स्पीक आवाजात मराठीही वाचली जाते. आवाज थोडा यांत्रिक आहे, पण सवय होते.

मात्र बहुतेक सिंथेसायझर दिसायला खऱ्या यंत्रासारखे रंगवलेले असतात. बटणे, चाके, दिवे ही सगळी चित्रे. डोळस माणूस माउसने चाक फिरवतो, पण स्क्रीन रीडरला तिथे रिकामी खिडकी सापडते आणि तो गप्प बसतो. असे प्रोग्रॅम बनवणारे अनेक जण ज्यूस नावाचा तयार सांगाडा वापरतात. त्यात स्क्रीन रीडरची सोय २०२१ साली आली. त्यामुळे आता परिस्थिती सुधारते आहे, पण ती सोय नीट वापरण्याची तसदी प्रत्येक जण घेतोच असे नाही. म्हणून जाहिरातीवर विसंबू नये.

पैसे देण्याआधी चार कसोट्या

घरातल्या डोळस माणसानेही या कसोट्या मॉनिटर बंद करून एकदा करून पाहाव्यात.

१. टॅब दाबत गेल्यावर प्रत्येक बटणाचे नाव आणि त्याची सध्याची किंमत ऐकू येते का? नुसते 'स्लायडर, स्लायडर' ऐकू आले तर उपयोग नाही.

२. ती किंमत बाणाच्या कळांनी कमी-जास्त करता येते का? नेमका आकडा टाइप करता येतो का?

३. तयार आवाजांच्या यादीतून कीबोर्डने फिरता येते का? आपण बनवलेला आवाज नाव देऊन साठवता येतो का?

४. संगीत सुरू असताना स्क्रीन रीडर बोलत राहतो का? काही ध्वनी-ड्रायव्हर लॅपटॉपचे साउंड कार्ड पूर्ण ताब्यात घेतात आणि स्क्रीन रीडर मुका होतो. अशा वेळी सेटिंगमध्ये साधा 'विंडोज ऑडिओ' निवडावा, किंवा स्क्रीन रीडरसाठी काही शे रुपयांचे छोटे यूएसबी साउंड कार्ड वेगळे लावावे.

सुरुवात कशाने करावी?

या कसोट्यांवर सर्ज एक्सटी हा सिंथेसायझर चांगला उतरतो. मूळचा सर्ज विकत मिळत असे. २०१८ साली त्याचे कर्ते क्लेस योहान्सन यांनी तो सर्वांसाठी खुला केला. तेव्हापासून स्वयंसेवक तो सांभाळतात. २०२२ साली सर्ज एक्सटी आला आणि त्याच वर्षी त्यात स्क्रीन रीडरची आणि कीबोर्डने चालवण्याची पक्की सोय झाली. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर तो चालतो. त्यात दोन हजारांहून अधिक आवाज तयार मिळतात. स्वतंत्र प्रोग्रॅम म्हणूनही तो उघडतो, त्यामुळे पहिल्या दिवशी दुसरे काही लागत नाही.

आपल्या संगीताच्या दृष्टीने त्यात दोन गोष्टी कामाच्या आहेत. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे, त्यामुळे पेटीवर न निघणारी मींड निघते. शिवाय सुरांच्या जागा स्वतः ठरवून देता येतात.

मर्यादाही सांगितली पाहिजे. ढोलकी, तबला, खरी पेटी यांचा हुबेहूब आवाज त्यातून मिळायचा नाही. ढोलकी ढोलकीवाल्याकडूनच वाजवून घ्यावी आणि रेकॉर्ड करावी. भरणा, खर्जातला बेस, घंटानाद, बासरीसारखे सूर, यांसाठी सर्ज आहे.

गाण्याचे वेगवेगळे थर जोडायला रीपर हा प्रोग्रॅम घ्यावा. त्याला ओसारा हे मोफत जोडसॉफ्टवेअर बसवले की तोही बोलू लागतो. ओसारा जेम्स टेह या अंध प्रोग्रॅमरने सुरू केले आहे.

हिशेब

एनव्हीडीए शून्य, सर्ज एक्सटी शून्य, ओसारा शून्य. रीपर ६० दिवस वापरून पाहता येतो. त्यानंतर घरगुती वापराचा परवाना ६० डॉलरला, म्हणजे पाच हजारांच्या थोडा वर पडतो. लॅपटॉप घरात नसेल तर मोठा खर्च त्याचाच, पण चालू स्थितीतला जुनाही पुरतो. नवा कीबोर्ड लगेच घेण्याचे कारण नाही. पार्टीतल्या कॅसिओला यूएसबी किंवा मिडीचे भोक असेल तर तोच वायरने जोडावा. कानात घालायचा हेडफोन मात्र बरा घ्यावा.

कोणी महागड्या सॉफ्टवेअरची 'क्रॅक' सीडी किंवा पेनड्राइव्ह फुकट देऊ केली तर घेऊ नका. त्यातून व्हायरस येतो आणि एक दिवस सगळी मेहनत बुडते. हक्काचे मोफत मिळत असताना चोरीचे कशाला?

घरच्यांनी काय करावे?

या प्रोग्रॅममधली नावे इंग्रजी आहेत. मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला सुरुवातीला वीस-पंचवीस शब्द पाठ करावे लागतील. भावाबहिणीने रोज पाच शब्द सांगावेत आणि प्रत्येकाचा आवाजावर होणारा परिणाम ऐकवावा. पहिल्या दिवशी सॉफ्टवेअर बसवायला मदत करावी. त्यानंतर मात्र त्याचा हात धरून माउस फिरवू नये. वेळ लागला तरी त्याला स्वतः शोधू द्यावे. संगणकाचे मूळ शिक्षण हवे असेल तर नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही १९५२ साली स्थापन झालेली संस्था आहे, आणि मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातील दृष्टिबाधितांचे केंद्र आहे. तिथे चौकशी करावी.

आपल्या अंध मुलामुलींच्या गळ्याचे आणि बोटांचे कौतुक आपण कार्यक्रमात टाळ्या वाजवून करतो. पण गाण्यावर संगीतकार म्हणून त्यांचे नाव लागावे, कामाचे पैसे त्यांच्या हाती यावेत, ही खरी कदर होय. तुमच्या घरात किंवा शेजारी असा कोणी कलावंत असेल तर हा लेख त्याला आजच वाचून दाखवा.