एक कप म्हणजे नक्की किती?

बाबांच्या साठीला आईनं फर्मान काढलं, "विकतचा केक नको. यंदा तू कर." नाही म्हणायची सोयच नव्हती! एक अमेरिकन रेसिपी शोधली, नवाकोरा मेजरिंग कप डब्यात खुपसला आणि मैदा काढला. दोन कप, अगदी सपाट. बाकी सगळं रेसिपीबरहुकूम. ओव्हनमधून निघाली ती वीट. बाबांनी "चहात बुडवून मस्त लागतो गं" म्हणत दोन तुकडे संपवले. त्यानंच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीचा डिजिटल काटा आणला. कपानं तसाच खुपसून काढलेला मैदा भरला १५० ग्रॅम. मग मैदा चमच्यानं मोकळा केला, कपात अलगद घातला, सुरीनं सपाट केला. १२२ ग्रॅम! म्हणजे माझ्या केकमध्ये जवळजवळ अर्धा कप मैदा फुकटचा गेला होता. साखर दोन्ही वेळा दोनशेच्या आसपासच. तिचे दाणे फारसे दबत नाहीत. मैद्याचं मात्र घडीत तोळा, घडीत मासा!

त्यात कपही सगळीकडे एक नाही. अमेरिकेचा साधारण २३७ मिली, ऑस्ट्रेलियाचा २५०, जपानचा २००. बोस्टनच्या फॅनी फार्मरबाईंनी १८९६ साली आपल्या कुकबुकमध्ये सपाट कप-चमच्यांचा आग्रह धरला, तेव्हापासून तिकडे कपाचंच राज्य.

मग आईची नानकटाई बिनकाट्याची कशी जमते? कारण मैदा, पिठीसाखर, तूप, सगळं एकाच वाटीनं. वाटी लहान असो वा मोठी, प्रमाण तेच. केकमध्ये मात्र अंडी आणि बटरचं पाकीट आपापलं माप घेऊन येतात. तिथे वाटीचा अंदाज फसतो.

गेल्या दिवाळीत काटा घेऊन घरी गेले. आईच्या वाटीत पाणी मावलं १६० ग्रॅम, म्हणजे १६० मिली. मग म्हटलं, "आई, तू भर मैदा." तीनदा भरला. ९६, ९५, ९६. मी भरला तर ८४, ९९, ९१! "अगं, सवय असते हाताला," ती म्हणाली. तो हात काही मला वारशात मिळणार नाही. म्हणून तिच्या वहीत 'दोन वाट्या मैदा'च्या शेजारी मी पेन्सिलीनं लिहून ठेवलंय, '१९० ग्रॅम'.

आणि हो, यंदा बाबांनी केक चहाशिवाय खाल्ला!

फ्रिजवर चिकटवा
(२४० मिलीचा कप, अंदाजे ग्रॅम)
मैदा, अलगद भरून : १२०-१२५
साखर : २००
पिठीसाखर : ११५-१२०
कोको : ८५
बटर : २२५
तेल : २१५-२२०
दूध : २४५

काट्यावर भांडं ठेवा, 'टेअर'चं बटण दाबा, आकडा शून्यावर आला की जिन्नस घाला. प्रत्येक जिन्नसाआधी पुन्हा शून्य. घासायला भांडंही एकच!