टर्बोचार्ज्ड मोटारीसाठी कॅमशाफ्टची निवड : पवईतील वाहतुकीच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

मोटारीच्या इंजिनाची शक्ती वाढविण्याचे जे मार्ग रूढ आहेत, त्यांमध्ये कॅमशाफ्ट बदलणे हा एक जुना व प्रभावी मार्ग मानला जातो. टर्बोचार्जर नसलेल्या इंजिनांवरील अनुभवातून या मार्गाचे काही नियम तयार झाले. ‘कॅम जितका मोठा तितकी शक्ती अधिक’ हा त्यांतील सर्वांत लोकप्रिय नियम होय. टर्बोचार्ज्ड इंजिनाच्या बाबतीत मात्र हा नियम बहुतांशी चुकीचा ठरतो. दररोज शहरात चालणाऱ्या मोटारीत तो पाळला गेल्यास इंजिनाचे नुकसान होण्याची, इतकेच नव्हे तर ब्रेकच्या कार्यावर परिणाम होण्याचीही शक्यता असते.

प्रस्तुत लेखात कॅमशाफ्टच्या निवडीमागील शास्त्रीय तत्त्वे स्पष्ट करून ती पवई या उपनगरातील प्रत्यक्ष वाहतुकीला लावून पाहिली आहेत. पवई तलावाच्या काठाने जाणारा जोगेश्वरी–विक्रोळी जोडरस्ता पश्चिम व पूर्व द्रुतगती महामार्गांना जोडतो. संथ, थांबत-थांबत चालणारी वाहतूक हे त्याचे नित्याचे रूप आहे. कॅमशाफ्टची निवड सूचीपत्रातील आकड्यांपासून न करता अशा रस्त्यापासून व टर्बोचार्जरपासून सुरू करावी, हे येथील मुख्य प्रतिपादन आहे.

कॅमशाफ्टचे कार्य व त्याची मापे

चार धावांच्या इंजिनात ताजी हवा आत घेणारी अंतर्ग्रहण झडप आणि जळलेले वायू बाहेर सोडणारी निष्कास झडप अशा दोन प्रकारच्या झडपा असतात. या झडपा केव्हा उघडाव्यात, किती उघडाव्यात आणि केव्हा मिटाव्यात हे कॅमशाफ्टवरील उंचवटे ठरवितात. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक फेरा पूर्ण होतो. कॅमशाफ्टचे स्वरूप प्रामुख्याने चार मापांनी व्यक्त केले जाते.

पहिले माप म्हणजे झडप उघडी राहण्याचा काल. तो क्रँकशाफ्टच्या अंशांत सांगतात. हा काल झडप किती उचलली गेल्यापासून मोजला हे पाहणे आवश्यक असते. कोणी ०.१ मिलिमीटर उचलीपासून मोजतो, तर कोणी १ मिलिमीटरपासून. त्यामुळे एकाच कॅमशाफ्टचे दोन वेगळे आकडे मिळू शकतात आणि दोन उत्पादकांच्या सूचीपत्रांची थेट तुलना फसवी ठरते.

दुसरे माप म्हणजे उचल. झडपेची उचल तिच्या व्यासाच्या एक-चतुर्थांश झाली की झडपेभोवतीच्या मोकळ्या वाटेचे क्षेत्रफळ झडपेच्या क्षेत्रफळाइतके होते. ३३ मिलिमीटर व्यासाच्या झडपेसाठी ही उचल सुमारे ८.२५ मिलिमीटर येते. त्यापुढे उचल वाढविल्यास लाभ होतो, परंतु तो उत्तरोत्तर घटत जातो.

तिसरे माप म्हणजे अंतर्ग्रहण व निष्कास उंचवट्यांच्या मध्यांमधील कोन. चौथे माप म्हणजे दोन्ही झडपा एकाच वेळी उघड्या असण्याचा सामाईक काल, ज्यास ओव्हरलॅप म्हणतात. हे शेवटचे माप पहिल्या व तिसऱ्या मापांवरून निघते. दोन्ही झडपांच्या कालांच्या सरासरीतून उंचवट्यांमधील कोनाची दुप्पट वजा केली की ओव्हरलॅप मिळतो. काल २४० अंश व कोन ११० अंश असेल तर ओव्हरलॅप २० अंश येतो. कोन ११४ अंश केल्यास तो १२ अंशांवर उतरतो. उलट, कोन ११० अंशच ठेवून काल २६० अंश केला तर तो ४० अंश होतो. टर्बोचार्ज्ड इंजिनाच्या दृष्टीने हा आकडा अत्यंत महत्त्वाचा आहे.

टर्बोचार्जरमुळे बदलणारे गणित

टर्बोचार्जर नसलेल्या इंजिनात वरच्या वेगाला हवा आत शिरण्यास वेळ कमी पडतो. बाहेर पडणाऱ्या जळक्या वायूंच्या गतीमुळे निर्माण होणारा खेच वापरून ताजी हवा ओढून घेण्यासाठी तेथे दीर्घ काल व मोठा ओव्हरलॅप उपयोगी पडतो. टर्बोचार्ज्ड इंजिनात हवा दाबाने आत ढकलली जाते. मात्र तो दाब निर्माण करणारे टर्बाइन जळक्या वायूंच्या वाटेत अडथळा म्हणून उभे असते. त्यामुळे एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधील दाब आणि अंतर्ग्रहण मॅनिफोल्डमधील दाब यांचे गुणोत्तर निर्णायक ठरते.

कंपनीने बसविलेले टर्बोचार्जर बहुधा लहान असतात, कारण त्यांनी कमी वेगालाच दाब निर्माण करणे अपेक्षित असते. असे टर्बाइन वरच्या वेगाला घुसमटते व मागील दाब पुढील दाबाहून बराच अधिक होतो. अशा स्थितीत ओव्हरलॅप मोठा असेल तर जळके वायू सिलिंडरमध्ये व अंतर्ग्रहण नळीत परत शिरतात. ताज्या हवेची जागा ते व्यापतात, मिश्रण तापवितात आणि नॉकिंगचा धोका वाढवितात. नॉकिंग टाळण्यासाठी इंजिनाच्या संगणकाला ठिणगी उशिरा द्यावी लागते. परिणामी, शक्तीसाठी केलेला खर्च शक्ती घटण्यास कारणीभूत ठरतो.

याउलट कमी वेगाला व पूर्ण भाराखाली पुढील दाब मागील दाबाहून अधिक असू शकतो. तेव्हा थोड्या ओव्हरलॅपमुळे ताजी हवा सिलिंडरमधील उरलेले जळके वायू बाहेर लोटते व टर्बोचार्जर लवकर वेग घेतो. इंधन थेट सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या इंजिनात या वेळी केवळ हवा बाहेर जाते. इंधन झडपेबाहेर सोडणाऱ्या जुन्या पद्धतीच्या इंजिनात मात्र न जळलेले इंधनही बाहेर जाते आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अतितप्त होतो. म्हणूनच अनेक आधुनिक इंजिनांमध्ये कॅमशाफ्टचा कोन चालू स्थितीत बदलण्याची यंत्रणा असते. ती आवश्यक तेव्हा ओव्हरलॅप वाढविते व नंतर कमी करते. एक ठरावीक मोठा कॅम बसविणाऱ्याने ही लवचीकता लक्षात घेतली पाहिजे.

झडप मिटण्याचा क्षणही तितकाच महत्त्वाचा आहे. अंतर्ग्रहण झडप उशिरा मिटली तर कमी वेगाला पिस्टन वर येताना आत आलेली हवा परत बाहेर ढकलतो. सिलिंडर अपुरा भरतो, जळके वायू कमी निर्माण होतात, टर्बाइनला ऊर्जा कमी मिळते आणि दाब उशिरा तयार होतो. निष्कास झडप लवकर उघडल्यास टर्बाइनला ऊर्जा अधिक मिळते. पण पिस्टनला मिळणारे कार्य तेवढ्या प्रमाणात घटते.

फॉर्म्युला स्टुडंट या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या स्पर्धेतील एक नियम येथे उद्‌बोधक ठरतो. १९५८ मध्ये पवई येथे स्थापन झालेल्या आयआयटीचा विद्यार्थी संघही या स्पर्धेत उतरतो, मात्र त्याच्या मोटारी आता विद्युत आहेत. पेट्रोलवरील मोटारींना या स्पर्धेत २० मिलिमीटर व्यासाच्या छिद्रातूनच सर्व हवा घ्यावी लागते. त्या छिद्रातील हवेचा वेग ध्वनीच्या वेगाइतका झाला की प्रवाह सेकंदाला सुमारे ०.०७ किलोग्रॅमच्या पुढे जाऊ शकत नाही. त्यानंतर कॅम कितीही मोठा केला तरी शक्ती वाढत नाही. लहान टर्बोचार्जरचा कंप्रेसर हेही असेच छिद्र होय. जेथे हवेची मर्यादा अन्यत्र ठरलेली आहे तेथे झडपा अधिक काळ उघड्या ठेवून काही साध्य होत नाही.

पवईचा रस्ता व इंजिनाचा वेग

आता प्रत्यक्ष वापराचा विचार करू. मोटारीच्या चाकाचा परिघ सुमारे २ मीटर धरला तर ताशी ३० किलोमीटर वेगाला चाक मिनिटाला २५० फेरे घेते. तिसऱ्या गिअरमध्ये एकूण गुणोत्तर ६ धरल्यास इंजिनाचे फेरे मिनिटाला १,५०० होतात. जोडरस्त्यावर गर्दीच्या वेळी याहून अधिक फेऱ्यांची गरज क्वचितच पडते. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर ताशी १०० किलोमीटर वेगाने, अखेरच्या गिअरचे एकूण गुणोत्तर ३ धरून, इंजिन मिनिटाला सुमारे २,५०० फेरे घेते. खंडाळ्याच्या घाटात खालचा गिअर लागला तरी ४,००० फेऱ्यांच्या पलीकडे फारसे जावे लागत नाही.

चाकण येथे तयार होणाऱ्या फोक्सवॅगनच्या १ लिटर टर्बो पेट्रोल मोटारीचे आकडे याच्याशी ताडून पाहण्यासारखे आहेत. तिचा १७८ न्यूटन-मीटर हा कमाल टॉर्क १,७५० ते ४,५०० फेऱ्यांच्या टप्प्यात मिळतो. नेहमीच्या प्रवासात प्रवेग घेण्यासाठी लागणारा टप्पा जवळजवळ हाच आहे. दीर्घ कालाचा कॅम बसविला तर हा टप्पा वर सरकतो. ६,००० फेऱ्यांजवळ कदाचित काही अश्वशक्ती वाढतील, परंतु १,५०० ते २,००० फेऱ्यांच्या दरम्यान इंजिन निर्जीव वाटू लागेल. पवईच्या चालकाला जेथे जोराची गरज रोज भासते तेथे तोटा आणि जेथे तो क्वचितच जातो तेथे लाभ, असा हा व्यवहार ठरतो.

निवडीचे निकष

वरील विवेचनावरून निवडीचा क्रम पुढीलप्रमाणे मांडता येतो. प्रथम इंजिन कोणत्या फेऱ्यांच्या टप्प्यात वापरले जाणार हे निश्चित करावे. त्यानंतर पूर्ण भाराखाली एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधील दाब मोजून त्याची बूस्टच्या दाबाशी तुलना करावी. निरपेक्ष दाबांचे हे गुणोत्तर १ च्या आसपास असेल, म्हणजे टर्बाइन प्रशस्त असेल, तर अधिक काल व ओव्हरलॅप यांचा विचार करता येतो. गुणोत्तर २ कडे झुकत असेल तर ओव्हरलॅप अल्पच ठेवावा, आणि कॅमऐवजी टर्बोचार्जरचा विचार आधी करावा. मूळ टर्बोचार्जर कायम ठेवून कॅम बदलायचाच असेल, तर काल मूळ मापाजवळ ठेवून उचल माफक वाढविणे आणि उंचवट्यांमधील कोन रुंद ठेवणे हा सुरक्षित मार्ग होय.

याशिवाय काही यांत्रिक बाबी तपासणे अनिवार्य आहे. बूस्टचा दाब अंतर्ग्रहण झडपेला मागून ढकलतो. ३३ मिलिमीटर व्यासाच्या झडपेवर १ बार दाबाने सुमारे ८५ न्यूटन बल पडते. स्प्रिंग तेवढी सशक्त नसेल तर झडप नीट मिटत नाही. उचल किंवा काल वाढविल्यास झडप व पिस्टन यांमधील अंतर मोजावे लागते. अंतर्ग्रहण झडपेसाठी किमान २ मिलिमीटर व निष्कास झडपेसाठी २.५ मिलिमीटर हे सर्वसाधारण प्रमाण मानतात. थेट इंधन सोडणाऱ्या बहुतेक इंजिनांत उच्चदाबाचा इंधन पंप कॅमशाफ्टवरील वेगळ्या उंचवट्याने चालतो. नव्या कॅमशाफ्टवर तो उंचवटा तंतोतंत असला पाहिजे. सिलिंडरमध्ये जाणाऱ्या हवेचा इंजिन संगणकाचा अंदाजही कॅम बदलल्याने चुकतो; म्हणून त्याची नव्याने जुळणी आवश्यक ठरते.

सर्वांत गंभीर बाब ब्रेकची आहे. अनेक मोटारींत ब्रेकचा बूस्टर अंतर्ग्रहण नळीतील निर्वातावर चालतो. मोठ्या ओव्हरलॅपमुळे संथ वेगाला हा निर्वात क्षीण होतो. थांबत-थांबत चालणाऱ्या वाहतुकीत ब्रेक वारंवार दाबावा लागतो, आणि नेमक्या त्याच वेळी पायाखालचा ब्रेक जड होऊ शकतो.

धातूचा प्रश्न : सोलापूरचा दाखला

कॅमशाफ्टची गुणवत्ता आकाराइतकीच धातूवर अवलंबून असते. या क्षेत्रात महाराष्ट्राचे स्थान लक्षणीय आहे. १९९२ मध्ये स्थापन झालेली सोलापूरची प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी देशी व परदेशी मोटार उत्पादकांना कॅमशाफ्ट पुरविते. चिल्ड बिडाचे कॅमशाफ्ट हे या उद्योगातील एक प्रमुख उत्पादन आहे. ओतकामाच्या वेळी साच्यात उंचवट्यांच्या जागी धातूचे तुकडे ठेवतात. त्यांना टेकलेले बीड झपाट्याने थंड होऊन तेथे कठीण थर तयार होतो, तर गाभा तुलनेने मऊ व यंत्रकामास सुलभ राहतो.

जुनाच कॅमशाफ्ट घासून नवा आकार देण्याचा स्वस्त पर्याय स्वीकारताना हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. कठीण थर प्रमाणाबाहेर घासला गेल्यास उंचवटा लवकर झिजतो आणि त्याचा कीस तेलातून सर्व इंजिनात फिरतो. तसेच चिल्ड बीड हे घसरत्या फॉलोअरसाठी योग्य असते. रोलर फॉलोअरमुळे पडणारा केंद्रित ताण सोसण्यासाठी सामान्यतः पोलादी उंचवटे वापरतात. म्हणून धातू व फॉलोअर यांची जोडी कधीही मोडू नये.

कायद्याची चौकट

भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली. मोठ्या ओव्हरलॅपमुळे संथ वेगाला न जळलेल्या हायड्रोकार्बनचे प्रमाण वाढते आणि पीयूसी चाचणीत पेट्रोल मोटारीचे तेच मोजले जाते. मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलांशी विसंगत बदलांना मनाई करते. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार अनुज्ञेय नसलेल्या बदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कॅमशाफ्ट झाकणाखाली दडलेला असला तरी त्याचा परिणाम धुराड्यातून मोजता येतो, हे विसरता येत नाही.

समारोप

कॅमशाफ्ट हा एकटा सुटा भाग नसून टर्बोचार्जर, इंधनप्रणाली, संगणक, ब्रेक व रस्ता यांच्याशी बांधलेला निर्णय आहे. धावपट्टीवरील मोटारीसाठी जो कॅम उत्तम तो जोडरस्त्यावर अयोग्य ठरू शकतो. मूळ टर्बोचार्जर कायम असलेल्या व पवईसारख्या भागात रोज चालणाऱ्या मोटारीसाठी बहुतेक वेळा कंपनीचा मूळ कॅमशाफ्टच सर्वांत योग्य असतो, असा निष्कर्ष वरील विवेचनातून निघतो. मोठा टर्बोचार्जर बसविलेल्या आणि सार्वजनिक रस्त्याऐवजी धावपट्टीवरच चालविल्या जाणाऱ्या मोटारीचा विचार वेगळा करता येईल. तेथेही मागील दाबाचे मापन आधी व कॅमची खरेदी नंतर, हाच क्रम पाळणे हिताचे ठरेल.