एकदाच दिसलेल्यांची मोजदाद

अलेक्झांडर कॉर्बेट हे इंग्रज निसर्गअभ्यासक मलायाच्या जंगलात दोन वर्षं फुलपाखरं पकडत होते. जातवार याद्या केल्या तेव्हा ११८ जाती अशा निघाल्या, की त्यांचं एकेकच फुलपाखरू हाती लागलं होतं. ७४ जातींची दोन-दोन सापडली होती, ४४ जातींची तीन-तीन, २४ जातींची चार-चार. आणखी दोन वर्षं तिथेच जाळं टाकलं, तर आजवर न दिसलेल्या किती जाती सापडतील, असा प्रश्न या यादीतून उभा राहिला. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर, कॉर्बेट आणि सी. बी. विल्यम्स या तिघांचा त्यावरचा निबंध १९४३ साली प्रसिद्ध झाला.

या प्रश्नाचं पुढे रुळलेलं एक उत्तर शाळकरी मुलालाही करता येईल इतकं सोपं आहे. एकदा दिसलेल्या जातींतून दोनदा दिसलेल्या वजा करायच्या, तीनदा दिसलेल्या मिळवायच्या, चारदा दिसलेल्या वजा करायच्या, आणि असंच पुढे जायचं. कॉर्बेट यांच्या यादीवर ही बेरीज-वजाबाकी केली की ७५च्या आसपास आकडा येतो.

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. ती जमते, कारण भांड्यातली सगळी शितं सारखी असतात. जिथे एक शीत दुसऱ्यासारखं नाही, काही मूठभर मिळतात आणि काही एखाददुसरंच, तिथे भांड्यात आणखी काय दडलं आहे हे कशावरून ओळखायचं? जे जेमतेम दिसलं त्यावरून, हे या गणिताचं उत्तर आहे. शंभरदा दिसलेली जात न दिसलेल्यांबद्दल काहीच सांगत नाही. एकदाच दिसलेली मात्र थोडक्यात हुकली असती तर अदृश्यच राहिली असती. न दिसलेल्यांची ती सर्वांत जवळची शेजारीण.

दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्क इथे जर्मनांचे सांकेतिक संदेश उलगडताना अ‍ॅलन ट्युरिंग यांनाही हाच पेच पडला. त्यांचे सहकारी आय. जे. गुड यांनी १९५३ साली ट्युरिंग यांची कल्पना मांडली ती अशी: पुढची वस्तू अगदीच नवी निघण्याची शक्यता म्हणजे एकदाच दिसलेल्यांची संख्या भागिले एकूण निरीक्षणं.

ब्रॅडली एफ्रॉन आणि रोनाल्ड थिस्टेड यांनी १९७६ साली ही विचारसरणी शेक्सपिअरला लावली. शेक्सपिअरच्या उपलब्ध साहित्यात ८,८४,६४७ शब्द आहेत. त्यांत वेगवेगळे शब्द ३१,५३४, आणि त्यांपैकी तब्बल १४,३७६ शब्द सगळ्या साहित्यात एकदाच आलेले. त्याने जे कधी कागदावर उतरवलेच नाहीत, पण जे त्याला ठाऊक असणार, असे किमान ३५,००० शब्द आणखी असावेत, असा अंदाज दोघांनी बांधला.

हा अंदाज पडताळणार कसा? संधी आपण होऊन आली. नोव्हेंबर १९८५मध्ये गॅरी टेलर या अभ्यासकाला ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयातल्या एका जुन्या हस्तलिखितात शेक्सपिअरच्या नावावर नोंदलेली, ४२९ शब्दांची एक कविता आढळली. ती खरंच त्याची का? इथे ट्युरिंग यांचा भागाकार वाचकाने स्वतः करून पाहावा. १४,३७६ला ८,८४,६४७ने भागलं तर सुमारे १.६ टक्के येतात. म्हणजे शेक्सपिअरने आणखी ४२९ शब्द लिहिले असते, तर त्यांत त्याने पूर्वी कुठेही न वापरलेले साधारण सात शब्द असायला हवेत. त्या कवितेत नऊ निघाले. अशा मोजणीत दोन-तीनांचा फरक योगायोगानेही पडतो, म्हणून थिस्टेड आणि एफ्रॉन यांनी १९८७च्या निबंधात कविता शेक्सपिअरच्या शब्दवापराशी बऱ्यापैकी जुळते असं म्हटलं. तुलनेसाठी घेतलेल्या जॉन डन याच्या कवितेत मात्र असे शब्द १७ होते. अर्थात जुळणं म्हणजे सिद्ध होणं नव्हे. कवितेचा दर्जा पाहून अनेक अभ्यासक ती शेक्सपिअरची मानायला आजही तयार नाहीत, आणि कानाने दिलेला तो कौल आकड्यांना खोडता येत नाही.

लेखक ओळखायची उलट्या टोकाची रीतही आहे. अमेरिकी राज्यघटनेच्या बाजूने लिहिलेल्या ‘फेडरलिस्ट’ निबंधांपैकी बारा निबंध हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, हा वाद फ्रेडरिक मॉस्टेलर आणि डेव्हिड वॉलेस यांनी १९६४ साली मॅडिसनच्या बाजूने सोडवला, तो अगदी सामान्य शब्द मोजून. ‘अपॉन’ हे शब्दयोगी अव्यय हॅमिल्टनच्या लेखनात हजार शब्दांत तीनदा येतं, मॅडिसनच्या लेखनात क्वचितच. माणूस भारदस्त शब्द जपून निवडतो, पण असे बारके शब्द हातातून आपोआप उतरतात.

आता रक्ताकडे वळू. टी-पेशी या संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. त्यांपैकी प्रत्येकीच्या पृष्ठभागावर परकं काही ओळखणारं एक प्रथिन असतं, त्याला ग्राही म्हणतात. त्याची जनुकं तयार मिळत नाहीत. पेशी घडताना जनुकांचे व्ही, डी, जे नावाचे तुकडे निवडून सांधले जातात आणि सांध्यावर काही अक्षरं स्वैरपणे घातली-गाळली जातात. बी-पेशींची प्रतिपिंडंही अशाच जोडकामातून घडतात. ते शोधून काढल्याबद्दल सुसुमू तोनेगावा यांना १९८७चं नोबेल मिळालं. या जोडकामामुळे प्रत्येक नव्या टी-पेशीला जवळपास स्वतःचा असा शब्द मिळतो. ती पेशी वाढली की तिच्या सगळ्या लेकी तोच शब्द घेऊन फिरतात, म्हणजे त्यांचं एक कूळ होतं. एका माणसात अशी कुळं किती? नळीभर रक्तात एक-दोन कोटी टी-पेशी येतात, अंगभर त्याच्या हजारो पट. सगळ्या मोजणं अशक्य. म्हणजे पुन्हा कॉर्बेट यांचंच जाळं.

सिएटलच्या फ्रेड हचिन्सन कॅन्सर संशोधन केंद्रातले हार्लन रॉबिन्स आणि त्यांचे सहकारी यांनी २००९ साली रक्तातल्या लाखो ग्राहींची जनुकं वाचली आणि न दिसलेल्या कुळांसाठी फिशर-एफ्रॉन-थिस्टेड परंपरेचंच सूत्र लावलं. ग्राहीची बीटा नावाची एक साखळी मोजली तर ३० ते ४० लाख प्रकार असावेत, असं त्यांचं उत्तर आलं. त्याच्या दहाच वर्षं आधीचा अंदाज दहा लाखांचा होता. पुढे २०१४मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने तरुण माणसासाठी किमान दहा कोटींचा आकडा काढला आणि सत्तरी ओलांडलेल्यांत ही विविधता दोन ते पाच पटींनी घटते असं दाखवलं.

चाळीस लाख कुठे आणि दहा कोटी कुठे! या तफावतीतून मोजणीतली खरी अडचण दिसते. सगळी मदार एकदाच दिसलेल्यांवर, आणि नेमकी तिथेच चूक दडून बसते. यंत्राने जनुकातलं एक अक्षर चुकीचं वाचलं, की कधी अस्तित्वातच नसलेलं नवं कूळ यादीत येतं. जुन्या ग्रंथांच्या अभ्यासकांना हे दुखणं चांगलं ओळखीचं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिवराम एकनाथ भारदे यांनी ‘भारद्वाज’ या नावाने लिहून ज्ञानेश्वरीकार आणि अभंगकार या दोन वेगळ्या व्यक्ती असल्याचं मांडलं. दोन्हींच्या भाषेतला फरक हा त्यांचा एक आधार होता. पण अभंग शतकानुशतकं वारकऱ्यांच्या तोंडी राहिले आणि तोंडातोंडी भाषा नवी होत जाते. ज्ञानेश्वरीतही नकलाकारांचे इतके पाठभेद शिरले होते, की एकनाथांना शके १५०६मध्ये तिची प्रत शुद्ध करावी लागली. अशा संहितेत एकदाच आलेला शब्द कवीचा की नकलून घेणाऱ्याचा, हे ठरवल्याशिवाय तो मोजताच येत नाही. प्रयोगशाळेने यावर काढलेली तोड नेटकी आहे. रक्ताचा नमुना आधीच वेगवेगळ्या नळ्यांत वाटून प्रत्येक नळी स्वतंत्रपणे वाचायची आणि कुळं किती नळ्यांत सापडतात ते पाहायचं. स्टॅनफर्डच्या मोजणीत असंच केलं होतं, आणि त्यासाठीचं सूत्र तैवानच्या संख्याशास्त्रज्ञ अ‍ॅन चाओ यांचं होतं.

ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या, उपचारात ही मोजदाद जीवनमरणाशी जोडलेली आहे. रॉबिन्स यांच्याच संस्थेतल्या डॉ. डॉनल थॉमस यांना बोनमॅरो प्रत्यारोपणासाठी १९९०चं नोबेल मिळालं होतं. या उपचारात रुग्णाची आजारी अस्थिमज्जा औषधांनी वा किरणोत्सारानं नष्ट करून दात्याच्या मूळपेशी देतात. पांढऱ्या पेशींचा आकडा काही आठवड्यांत वर येतो आणि घरचे सुटकेचा नि:श्वास टाकतात. पण आकडा भरला म्हणजे शब्दसंग्रह भरला असं नाही. थोड्याच कुळांनी भरमसाट पिल्लावळ वाढवूनही आकडा भरतो. मग एखादा साधा विषाणू आला, तर त्याला ओळखणारं कूळच घरात नसतं. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्रातून २०१३ साली आलेल्या अभ्यासात हे लख्ख दिसलं. नवजात बाळाच्या नाळेतलं रक्त दिलेल्या रुग्णांची विविधता सहा महिन्यांत निरोगी माणसाच्या जवळ पोचली होती. टी-पेशी काढून टाकलेल्या मूळपेशी ज्यांना दिल्या, त्यांच्यात मात्र सीडी४ गटाच्या टी-पेशींची विविधता नाळेतलं रक्त मिळालेल्यांच्या तुलनेत २८ पटींनी आणि सीडी८ गटाची १४ पटींनी कमी होती.

कुळं किती एवढंच पुरत नाही. त्यांत वाटणी कशी आहे तेही पाहावं लागतं. त्यासाठी वापरतात तो सिम्पसन निर्देशांक १९४९चा. एडवर्ड सिम्पसन हेही ब्लेचली पार्कमधलेच. यादृच्छिकपणे दोन पेशी उचलल्या तर त्या एकाच कुळातल्या निघण्याची शक्यता किती, असं तो विचारतो. पण त्याआधी पाच वर्षं, १९४४ साली, उडनी यूल यांनी जवळजवळ हेच माप साहित्यासाठी काढलं होतं: दोन शब्द उचलले तर ते एकच निघण्याची शक्यता. ‘ख्रिस्तानुकरण’ म्हणून ख्यात असलेला लॅटिन ग्रंथ थॉमस ए केम्पिसचा की जाँ जेर्साँचा, हे यूल यांना ठरवायचं होतं. कॅन्सर रुग्णालयाच्या अहवालातला एक आकडा अशा धर्मग्रंथाच्या वादाशी भाऊबंदकी सांगतो, हे कळल्यावर त्या अहवालाकडे वेगळ्या नजरेनं पाहावंसं वाटतं.

विविधता नेहमीच चांगली, असं मात्र समजू नये. रुग्णाच्याच टी-पेशी काढून, त्यांत कॅन्सरपेशी ओळखणारं कृत्रिम ग्राही घालून परत देतात, त्या कार-टी उपचारात लेखक शोधण्याचा प्रश्न अगदी शब्दशः उभा राहतो: लाखो पेशी आत सोडल्या, पण काम नेमकं कुणी केलं? नवं जनुक आत नेणारा विषाणू प्रत्येक पेशीच्या डीएनएत वेगळ्या ठिकाणी बसतो आणि ती जागा तिच्या सगळ्या वंशजांत तशीच राहते. हीच त्या कुळाची सही. पेनसिल्व्हानिया विद्यापीठात ७८ वर्षांच्या एका ल्युकेमिया रुग्णात पेशी भरात आल्या तेव्हा सह्या तपासल्या गेल्या. सीडी८ गटाच्या कार-टी पेशींपैकी ९४ टक्के पेशी एकाच पेशीच्या वंशातल्या निघाल्या. विषाणू तिच्या टेट२ नावाच्या जनुकात जाऊन बसला होता आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीत आधीच बिघाड होता. २०१८ साली ‘नेचर’मध्ये ही हकीकत प्रसिद्ध झाली. तो रुग्ण बरा करणाऱ्या फौजेची मूळ आई एकच होती.

मुंबईतही आता हा उपचार घडतो. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून उभ्या राहिलेल्या नेक्सकार-१९ या उपचाराला ऑक्टोबर २०२३मध्ये मान्यता मिळाली. त्याचा खर्च अमेरिकेतल्या खर्चाच्या साधारण एक दशांश आहे. तोही कित्येक कुटुंबांच्या आवाक्याबाहेरचा आहे, हे खरं. तरी परदेशी जाण्यावाचून मार्ग नाही ही स्थिती पालटली, याचं मोल मोठं आहे.

उपचारानंतर उरतो तो शेवटचा शोध. बी-पेशींचा ल्युकेमिया बहुधा एकाच बिघडलेल्या पेशीपासून वाढतो, त्यामुळे त्याच्या पेशींत जनुकांचा सांधाही तोच असतो. निदानाच्या वेळी तो सांधा वाचून ठेवला, की पुढे लाखो निरोगी पेशींच्या गर्दीतही तो शोधता येतो. हे करणाऱ्या चाचणीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सप्टेंबर २०१८मध्ये मान्यता दिली. समजा दहा लाख पेशी तपासल्या आणि ती सही कुठेच सापडली नाही. संख्याशास्त्राचा साधा नियम सांगतो, की दर दहा लाखांत तीनपर्यंत पेशी असल्या तरीही त्या अशा तपासणीतून निसटू शकतात. म्हणून अशा अहवालात ‘आढळला नाही’ या शब्दांसोबत किती पेशी तपासल्या तो आकडाही पाहायचा असतो, आणि डॉक्टर रुग्णाला पुढच्या नमुन्याची तारीख देतात.